पाऊस पडला नाही, की मोजलाच नाही?

एक फंक्शन आहे. त्याला महसूल मंडळ द्यायचं, तारीख द्यायची, की ते त्या दिवशीचा पाऊस मिलिमीटरमध्ये देतं. बास, एवढंच. आमच्या टीमची जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली एक छोटी लायब्ररी आहे, म्हणजे इतरांनी वापरायचा तयार कोड, हवामान केंद्रांचे आकडे वाचून बाकीच्या टीमना पुरवणारी, तिच्यातलं हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं फंक्शन. त्याच्या आत काय चालतं, फाइल कशी वाचतो, केंद्राचा कोड मंडळाशी कसा जुळवतो, हे कधी कुणी विचारलं नाही. सगळी चर्चा, आणि बरीच मोठी चर्चा, एकाच गोष्टीवर झाली, ती म्हणजे आकडा नसेल तेव्हा काय परत द्यायचं.

आता आकडा नसणं म्हणजे काय काय असू शकतं ते बघा. सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस नोंदवतात, तुम्ही आठ वाजताच विचारलंत तर आजचा आकडा अजून यायचाय, थोड्या वेळाने येईल. किंवा केंद्र आहे पण पर्जन्यमापकात पाला अडकला, बॅटरी गेली, सिमला रेंज नव्हती, म्हणजे त्या दिवशीचं मोजमाप झालंच नाही आणि आता ते बहुधा कधीच मिळणार नाही. किंवा तुम्ही २०१२ सालची तारीख दिलीत, आणि राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहायला लागली २०१७ पासून, तर तेव्हा त्या मंडळात ते केंद्रच नव्हतं. किंवा मंडळाचा कोडच चुकीचा टाकलाय, असं मंडळ अस्तित्वातच नाही. या चार गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. आणि एक पाचवी आहे, ती खरं तर या यादीतली नव्हेच, पण सगळ्यात जास्त गल्लत तिच्याशी होते: पाऊस पडला नाही, ० मिमी. तो आकडा आहे. कुणीतरी किंवा कशानेतरी मोजलेला, नोंदवलेला, पूर्ण आकडा.

जावात पहिल्या चारही गोष्टींना एकच उत्तर द्यायची सोय आहे, नल, म्हणजे इथे काहीच नाही अशी खूण. आणि ते इतकं हाताशी असतं की आपण उत्तर देतोय असं वाटतही नाही, शेवटी रिटर्न नल लिहायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. मग समोरचा डेव्हलपर, त्याला डेडलाइन आहे, त्याला बेरीज करायचीये, तो लिहितो की नल आला तर शून्य धर. एक ओळ. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी कोड तपासतात तेव्हाही, कुणी अडवत नाही कारण ती ओळ दिसायला काळजीपूर्वक दिसते, नल चेक केलाय ना बाबा त्याने. आणि तिथे न मोजलेल्या दिवसाचा कोरडा दिवस होतो.

कोरडा दिवस म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. २०२३ चा ऑगस्ट आठवतो का, देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, आणि आपल्याकडे रोज पेपरात एकच बातमी, अमुक मंडळात २१ दिवसांचा खंड, तमुक मंडळात अजून भरला नाही. पीक विम्यात तेव्हा सलग २१ दिवस खंड पडला तर नुकसानीच्या अंदाजावर २५ टक्के आगाऊ रक्कम मिळण्याचा रस्ता खुला व्हायचा, म्हणून लोक दिवस मोजत होते. आता समजा, हे नुसतं उदाहरण म्हणून धरा, एका मंडळात ११ दिवस कोरडे गेले, बाराव्या दिवशी केंद्र बंद होतं, पुढचे ९ दिवस परत कोरडे. बाराव्या दिवसाचा नल शून्य धरला तर २१ भरले, पण त्या दिवशी कदाचित वीस मिलिमीटर पाऊस पडूनही गेला असेल. उलट नल आला म्हणून खंड तुटला असं धरलं तर ११ आणि ९ असे दोन तुकडे झाले, आणि त्या गावात खरंच थेंब पडला नसेल तर तिथल्या शेतकऱ्याच्या हातून त्याचे २१ दिवस गेले, तेही एका मेलेल्या बॅटरीपायी. काय धरायचं हे ठरवायचा अधिकार लायब्ररीला अजिबात नाही. शेजारच्या मंडळाचा आकडा घ्यायचा का, उपग्रहाचा अंदाज घ्यायचा का, पंचनामा करायचा का, हे ठरवणारी माणसं वेगळी आहेत. पण इथे ठरवण्यासारखं काहीतरी आहे, एवढं तरी त्यांच्यापर्यंत पोचायला हवं ना, आणि ते पोचवणं हे लायब्ररीचंच काम आहे कारण आकडा का नाही हे माहीत असलेली ती शेवटची जागा असते. फाइल वाचताना तिला दिसलेलं असतं की ओळच नाही, की ओळ आहे पण रकाना रिकामा आहे, की केंद्राची सुरुवातीची तारीख यानंतरची आहे. फंक्शनच्या उंबऱ्यावर ते कारण टाकून दिलं की पुढे कितीही हुशार माणूस बसलेला असू दे, त्याला ते परत मिळवता येत नाही. मला नलबद्दल जे काही म्हणायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं.

नलवर बोलायचं म्हटलं की संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांचं नाव निघतंच. १९६५ मध्ये त्यांनी अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी नल रेफरन्स, म्हणजे कशाकडेच बोट न दाखवणारा संदर्भ, आणला, आणि २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत स्वतःच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हणाले, करायला इतकं सोपं होतं की मोह आवरला नाही असं सांगितलं. त्यांचा मुद्दा टाइप सिस्टिमचा, म्हणजे कुठे कोणत्या प्रकारची किंमत चालते या नियमांचा होता, कुठलाही रेफरन्स नल असू शकतो आणि कोड चालण्याआधी तपासणारा कंपायलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्या बाजूने खूप काम झालंय. कॉटलिन या भाषेची १.० आवृत्ती २०१६ मध्ये आली तेव्हापासून तिच्यात टाइपला प्रश्नचिन्ह लावल्याशिवाय नल ठेवताच येत नाही, टाइपस्क्रिप्ट २.० ने त्याच वर्षी कडक नल तपासणी दिली, सी शार्प ८ ने २०१९ मध्ये, डार्टने २०२१ मध्ये. जावावाल्यांसाठी जेस्पेसिफायची अॅनोटेशन्स, म्हणजे इथे नल चालेल की नाही हे सांगणाऱ्या खुणा, २०२४ मध्ये १.० झाली. हे सगळं चांगलंच आहे, मी सगळीकडे वापरतो. पण त्या प्रश्नचिन्हातून एवढंच कळतं की इथे काही नसू शकेल. का नसेल, ते कळत नाही. प्रोग्रॅम पडायचा थांबतो, पण नल आला तर शून्य धर ही ओळ तशीच राहते, उलट कंपायलरच आता ती लिहायला लावतो.

जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत हे सगळं शिकण्यासारखं पडलेलं आहे, फक्त त्या नजरेने वाचायला पाहिजे. हॅशमॅप म्हणजे प्रत्येक किल्लीसमोर एक किंमत (व्हॅल्यू) ठेवणारी यादी, तिच्यात एखाद्या किल्लीसाठी गेट केलं आणि नल आला, तर ती किल्ली नव्हतीच का, की होती आणि तिची व्हॅल्यूच नल होती, हे कळत नाही, कारण हॅशमॅपमध्ये नल व्हॅल्यू ठेवता येते. मग कंटेन्सकी, म्हणजे ही किल्ली आहे का, असं विचारून खात्री करायची. ठीक आहे, चालून जातं. पण जावा ५ मध्ये, २००४ साली, कॉन्करंट हॅशमॅप आला आणि त्यात नल ठेवायला सरळ बंदी घातली, किल्ली म्हणूनही नाही आणि व्हॅल्यू म्हणूनही नाही. ते काम ज्यांचं, त्या डग ली यांनी दिलेलं कारण मला फार आवडतं: साध्या मॅपमध्ये ही संदिग्धता कशीबशी सहन होते, पण जिथे अनेक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचे समांतर चालणारे भाग, एकाच वेळी लिहितायत तिथे तुम्ही गेट केल्यानंतर आणि कंटेन्सकी विचारायच्या आधी मॅप बदललेला असू शकतो, म्हणजे खात्री करायचा मार्गच उरत नाही. बघा, म्हणजे नलचा अर्थ दुसरा प्रश्न विचारून काढता येईल या भरवशावर पहिलं डिझाइन उभं होतं, आणि परिस्थिती बदलली तसा तो भरवसा गेला. नेटवर्कवरून बोलणाऱ्या कुठल्याही लायब्ररीला हेच लागू होतं. आकडा मागितला, नल आला, मग केंद्र चालू होतं का ते विचारलं, तोवर केंद्र परत सुरू झालेलं असतं.

दुसरं उदाहरण जावाच्या फाइल क्लासमधल्या, फोल्डरमधल्या फाइलींची यादी देणाऱ्या लिस्टफाइल्सचं. फोल्डर रिकामं असेल तर रिकामा अॅरे, म्हणजे रिकामी यादी देतं, छान. पण ते फोल्डरच नसेल तर नल देतं, आणि वाचताना आयओ एरर आली तरी नलच. म्हणजे तुम्ही चुकीचा पाथ दिलात आणि डिस्कने दगा दिला, या दोन गोष्टींना एकच उत्तर, आणि तेही काहीही कारण न सांगता. यादी परत करणाऱ्या मेथडने, म्हणजे फंक्शनने, नल देऊ नये, रिकामी यादी द्यावी, असा नियम आपण सगळे जुनिअर मुलांना सांगतो, आणि तो बरोबरच आहे, पण अर्धाच सांगतो. सापडलं काहीच नाही म्हणून रिकामी यादी, हे योग्य. शोधताच आलं नाही म्हणून रिकामी यादी, हे नलपेक्षाही वाईट, कारण नल निदान कुठेतरी आपटतो, आवाज होतो. रिकामी यादी गुपचूप पुढे जाते आणि रिपोर्टमध्ये या महिन्यात अतिवृष्टी झालेली मंडळं: ० असं छापून येतं.

नल नको म्हणून एखादा विचित्र आकडाच ठरवून टाकायचा, ही हवामानाच्या क्षेत्रातली जुनी रीत. भारतीय हवामान खात्याच्या ग्रिड स्वरूपातल्या, म्हणजे नकाशाचे चौकोन पाडून दिलेल्या, पावसाच्या फाइलींमध्ये माहिती नाही यासाठी -९९९ असतं, तापमानाच्या फाइलींमध्ये ९९.९. फाइलसाठी मला ते चालतं, कारण बायनरी फाइलमध्ये दुसरं करणार काय, आणि पाऊस उणे असूच शकत नाही त्यामुळे ओळखू तरी येतो. पण लायब्ररीने तो आकडा जसाच्या तसा बाहेर सोडता कामा नये. फंक्शनचा टाइप डबल, म्हणजे दशांश आकडा, आहे, डबलची सरासरी निघते, -९९९ चीही निघते. पावसाची सरासरी उणे आली की कुणाच्याही लक्षात येईल हो, पण तापमानाचं काय? एखाद्या दिवशी ९९.९ दिसलं तर डोळा अडखळेल, पण अनेक वर्षांच्या सरासरीत असे थोडेसे दिवस मिसळले तर आकडा दीडदोन अंशांनीच वर सरकतो आणि विदर्भातल्या मे महिन्यासाठी तो पूर्णपणे खरा वाटतो.

शून्याची तर वेगळीच गोष्ट आहे. प्रोटोकॉल बफर्स या, प्रोग्रॅमनी एकमेकांना माहिती पाठवायच्या स्वरूपाची तिसरी आवृत्ती आली तेव्हा साध्या आकड्यांच्या फील्डमधून, म्हणजे रकान्यांमधून, भरलंय की नाही ही माहितीच काढून टाकली होती. फील्डची डीफॉल्ट किंमत शून्य, आणि शून्य असेल तर ते तारेवरून पाठवायचंच नाही. आटोपशीर वाटतं, पण पावसाच्या आकड्याला लावून बघा: ० मिमी मोजलेलं केंद्र आणि काहीच न मोजलेलं केंद्र पलीकडे अगदी एकसारखे पोचतात. लोकांनी मग आकड्याभोवती रॅपर मेसेज गुंडाळून वाट काढली, आणि शेवटी २०२१ मध्ये ३.१५ पासून ही माहिती ठेवणारा ऑप्शनल हा शब्द रीतसर परत आला. एवढ्या मोठ्या, एवढ्या लोकांनी वापरलेल्या गोष्टीला काढलेली माहिती परत आणावी लागली, यातच काय ते आलं.

पांडास या पायथॉनमधल्या आकडेमोडीच्या लायब्ररीतही असंच एक वळण आहे. महिन्याच्या सगळ्या नोंदी गायब असतील आणि तुम्ही सम केलं तर उत्तर शून्य येतं, ०.२२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ च्या डिसेंबरपासून. त्यामागचा विचार मला कळतो, रिकाम्या यादीची बेरीज शून्य हे गणित म्हणून बरोबरच आहे, आणि किमान किती नोंदी असल्या तरच बेरीज दे असं सांगायची सोयही त्यांनी ठेवलीये, मिनकाउंट नावाची. पण ती सोय आहे हे माहीत असावं लागतं. जुलै महिनाभर केंद्र बंद, आणि आंबोलीत जुलैमध्ये पाऊस ० मिमी. आंबोलीत! निदान आंबोलीचं कुणीतरी ओळखेल, पण एखाद्या माणदेशी मंडळात हाच आकडा आला तर कुणाला शंका येणारे?

आमच्याकडे चर्चेत पहिला पर्याय साहजिकच जावाचा ऑप्शनल होता, म्हणजे आत किंमत असेल किंवा नसेल अशी डबी. जावा ८, २०१४. ऑप्शनल मुळात लायब्ररीच्या मेथडने निकाल नाही असं स्पष्ट सांगावं यासाठीच आणला होता, जावाच्या रचनेवर काम केलेल्या ब्रायन गेट्झ यांनी हे स्वच्छ शब्दांत लिहिलेलं आहे, त्यामुळे फील्डमध्ये आणि पॅरामीटरमध्ये, म्हणजे मेथडला दिल्या जाणाऱ्या गोष्टींमध्ये, ऑप्शनल बघितला की मला त्रास होतो. पॅरामीटर म्हणून घेतला तर देणाऱ्याला तीन गोष्टी देता येतात, भरलेला, रिकामा आणि खुद्द नल, म्हणजे एका खड्ड्याचे दोन झाले. पण परतीच्या रस्त्यावर तो चांगला आहे, जिथे नसण्याचं कारण एकच असू शकतं तिथे तर फारच चांगला. एखाद्या कोडचं मंडळ आहे का? आहे किंवा नाही. तिथे ऑप्शनल द्यावा, विषय संपला. आमच्या पावसाला मात्र तो पुरत नव्हता, कारण रिकामा ऑप्शनल म्हणजे नीट कपडे घातलेला नलच, चार कारणं त्याच्याही आत एकच होऊन जातात.

शेवटी आम्ही सील्ड इंटरफेस केला, म्हणजे ज्याचे प्रकार आधीच ठरवून बंद केलेत असा टाइप. जावा १७ पासून ते आहेत आणि २१ पासून स्विचमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रकारासाठी वेगळं काम लिहायच्या रचनेत, त्यांचे प्रकार उघडून बघता येतात, एखादा प्रकार राहिला तर कंपायलर पुढे जाऊ देत नाही. आता फंक्शन जे देतं ते यापैकी एक असतं: मोजलेला आकडा, अजून न आलेला, मोजमाप न झालेला, केंद्रच नसलेला काळ. चुकीचा मंडळ कोड यात घेतला नाही, त्याला सरळ एक्सेप्शन, म्हणजे चूक दाखवून काम तिथेच थांबवणं, कारण ती पावसाबद्दलची माहिती नाहीये, ती विचारणाऱ्याच्या प्रोग्रॅममधली चूक आहे आणि ती लगेच ओरडून कळलेली बरी. यावर वाद झाला, काहींचं म्हणणं वापरकर्ता मोबाइलवरून टाइप करतो, त्याच्या चुकीला एक्सेप्शन कशाला. मला वाटतं ते तपासायची जागा वेगळी आहे, मंडळ शोधायची जी मेथड ऑप्शनल देते ती, आणि तिथून एकदा खरं मंडळ हातात आलं की पावसाच्या फंक्शनला चुकीचं मंडळ देताच येऊ नये. म्हणून ते आता मजकूर घेतच नाही, मंडळाचा ऑब्जेक्ट घेतं.

जड आहे, अशी तक्रार आली. येणारच, आधी एका ओळीत व्हायचं तिथे आता स्विच लिहावा लागतो. दोन टीमनी मागणी केली की नसेल तर शून्य अशी एक सोपी मेथड द्या. ती मी दिली नाही आणि देणारही नाही, कितीही मागितली तरी. नसेल तर अमुक धर अशी मेथड आहे, पण तो अमुक आकडा स्वतःच्या हाताने लिहावा लागतो, म्हणजे शून्य लिहिणाऱ्याला निदान शून्य टाइप करावं लागतं, आणि रिव्ह्यू करणाऱ्याला ते दिसतं. बेरजेचं मात्र आम्ही सोपं केलं. महिन्याचा पाऊस मागितला की बेरीज एकटी येत नाही, किती दिवसांची बेरीज आणि किती दिवस मोजले गेले नाहीत हे तिच्यासोबतच येतं, एकाच ऑब्जेक्टमध्ये, वेगळं मागावं लागत नाही. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत सम आणि अॅव्हरेज दोन्ही नल गुपचूप वगळतात आणि किती वगळले हे विचारायला वेगळा काउंट लिहावा लागतो, तो कोण लिहितो?

आत येणाऱ्या नलबद्दल थोडक्यात. केंद्राची माहिती दुरुस्त करायची एक मेथड आहे, तिला फोन नंबरच्या जागी नल दिला तर नंबर पुसायचा, की तो आहे तसा ठेवायचा? जेसन या माहिती पाठवायच्या स्वरूपात बदल कळवण्याचा, म्हणजे मर्ज पॅचचा, जो नियम आहे, आरएफसी ७३९६, त्यात फील्डच पाठवलं नाही तर हात लावू नका आणि नल पाठवलं तर काढून टाका असं स्पष्ट आहे. पण जावाच्या साध्या ऑब्जेक्टमध्ये ते जेसन उतरवलं की दोन्हींचा नलच होतो, आणि केंद्र सांभाळणाऱ्या माणसाचा पत्ता बदलायला गेलं की त्याचा फोन नंबर पुसला जातो. आम्ही तिथे पुसायची मेथडच वेगळी ठेवली, आणि बदलायच्या मेथडला नल दिला की ती तिथल्या तिथे थांबते. गुवाव्हा या जावाच्या लायब्ररीवाल्यांनी गूगलच्या कोडचा अभ्यास करून लिहून ठेवलंय की साधारण ९५ टक्के कलेक्शन्समध्ये नल असणं अपेक्षितच नव्हतं, म्हणून त्यांची इम्युटेबल, म्हणजे न बदलणारी, कलेक्शन्स नल आत घेतच नाहीत. दारातच अडवलं तर चूक कुणाची हे स्टॅकट्रेसमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कुठून कुठे जाऊन पडला त्या नोंदीत, दिसतं. आत घेऊन तीन दिवसांनी पडलं तर ज्याने दिला तो कधीच सापडत नाही.

हे कारणांसकट देण्याचा जो उपयोग झाला तो आम्ही धरलेलाही नव्हता. कॅशिंगचा, म्हणजे आलेलं उत्तर पुन्हा वापरायला साठवून ठेवण्याचा. आधी नल आला की तो कॅश करायचा की नाही यावर तोडगा निघत नव्हता, केला तर साडेआठचा आकडा येऊनही लोकांना दुपारपर्यंत रिकामं दिसायचं, नाही केला तर बंद पडलेल्या केंद्रांच्या जुन्या तारखांसाठी तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडली जायची. आता अजून यायचंय हे उत्तर पाच मिनिटं धरून ठेवतो. मोजमाप झालं नाही हे एक दिवस, कारण क्वचित मागाहून हाताने भरलेली नोंद येते. केंद्रच नव्हतं हे उत्तर कायमचं, २०१२ मध्ये आता कुणी केंद्र बसवणार नाही. आणि मोबाइल अॅप करणाऱ्या टीमने स्वतःहून, आम्ही काही न सांगता, पावसाच्या रकान्यात रिकाम्या रेघेऐवजी तीन वेगळी वाक्यं टाकली. त्यातलं दुसरं आहे: या दिवशी केंद्र बंद होतं, पाऊस मोजला गेला नाही. त्याखाली तलाठ्याकडे कळवण्याचं बटण आहे.